पत्रास कारण की... रोज दिसणारी माणसं

गेल्या अंकात मी विचारलं होतं : रोज दिसतं, चेहरा पाठ आहे, पण एका शब्दानंही बोलणं झालेलं नाही, असं माणूस तुमच्या आसपास कोण आहे? अशांशी ओळख करून घ्या, असंही म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, आणि बहुतेक विशी-पंचविशीतल्या पोरापोरींची. माझी उमेदीची सगळी वर्षं कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून गेली. चंदगड, आजरा, राधानगरीकडून पहिल्यांदाच शहरात आलेल्या लेकरांचं पहिलं वर्ष कसं जातं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून ही पत्रं वाचताना जीव गुंतला. सगळी छापता येणार नाहीत. निवडक देतेय, नावं वगळून.

मी मूळचा चंदगड तालुक्यातला. काही महिन्यांपासून सायबर चौकाजवळ कॉट बेसिसवर राहतो, शिरोली एमआयडीसीत ट्रेनी आहे. सकाळी के.एम.टी. बसच्या थांब्यावर रोज तीच पाच-सहा माणसं असतात. पिशवीत स्टीलचा डबा घेतलेले एक काका. फुलांची पाटी घेऊन महाद्वारला जाणाऱ्या एक आक्का. माझ्याच वयाचा, हातात पिवळं सेफ्टी हेल्मेट धरलेला एक जण. चेहऱ्यानं सगळे ओळखतात, बोलत कुणीच नाही. आमच्या गावात रस्त्यानं जाणाऱ्याला 'कुठं निघालाईसा?' विचारल्याशिवाय सोडत नाहीत. इथं रविवारी दिवसभरात माझ्या तोंडून 'अजून एक चपाती द्या' एवढंच निघतं. सुरुवात कशी करायची? लोकांना आगाऊपणा वाटला तर?
— एक वाचक, सायबर चौक

अरे, तुला होतंय ते फार जणांना होतं, आणि त्यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ साली यावर लिहिलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सकाळी गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या प्रवाशांचे फोटो काढले, आणि आठवड्यानं त्याच स्टेशनवर ते वाटून विचारलं, यातलं कोण कोण बघितल्यासारखं वाटतं? दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी निदान एक तरी चेहरा ओळखला. सरासरी काढली तर प्रत्येकाला असे चार जण माहीत होते ज्यांच्याशी तो कधीही बोललेला नव्हता. तेव्हा तुझ्या थांब्यावरच्या काकांना, आक्कांना आणि त्या हेल्मेटवाल्याला तूही माहीत आहेस हे धरून चाल. एखाद्या सकाळी तू आला नाहीस तर 'आज ते पोरगं दिसलं नाही' हे कुणाच्या तरी मनात येऊन जात असणार.

मिलग्रॅम यांचं आणखी एक निरीक्षण मला फार पटतं. या माणसांनी एकमेकांशी न बोलायचं जणू ठरवूनच टाकलेलं असतं, त्यात वैर नसतं. पण जितके दिवस जातात तितकं ते मोडणं अवघड होतं. इतकं, की स्टेशनवर काही विचारायचं झालं तर माणूस वर्षानुवर्षं दिसणाऱ्याला सोडून अगदी परक्या माणसाला विचारतो! तुझे काही महिनेच झालेत. हीच वेळ आहे. दोन वर्षं काढलीस तर तुला स्वतःलाच चमत्कारिक वाटायला लागेल.

आता सुरुवात. तालमीत नवा आलेला पोरगा पहिल्याच दिवशी डाव टाकत नाही, आधी आखाड्याची माती उकरतो. तसं पहिल्या आठवड्यात फक्त नजरानजर झाली की मान हलवायची. काकांकडं बघून हलवलीस तर ते उलट हलवतीलच, आपल्याकडं मान हलवलेली कुणी परत देत नाही असं होत नाही. मग ज्या दिवशी गाडी लांबेल त्या दिवशी बोलायचं. 'आज लईच उशीर झाला की गाडीला.' बास. काका 'व्हय की' म्हणतील. पुढं काही विचारायचं नाही. त्यांचं नाव नको, गाव नको, पगार नको. दुसऱ्या दिवशी तेच काका आपणहून म्हणतील, 'आज येळेत आली बघ.' मी हे वसतिगृहाच्या मुलींना सांगायची, तेव्हा त्यांना वाटायचं एवढ्यानं काय होतंय. पण रोजच्यासारखं नसलेलं काहीतरी घडलं, पाऊस आला, गाडी बंद पडली, रस्त्यात मिरवणूक आडवी आली, की माणसं आपोआप बोलती होतात. त्या दिवसाची वाट बघायची आणि तो वाया घालवायचा नाही.

आक्कांशी तर आणखी सोपं आहे. त्यांचा धंदाच चार माणसांशी बोलण्याचा. 'आक्का, आज झेंडू काय भाव?' विचारलंस तर घ्यायचा नसला तरी त्या सांगतील, वर कालच्यापेक्षा का वाढला तेही सांगतील. सणाच्या आधी पाटी जड असते. गाडीत चढवायला हात लावलास तर ओळख तिथंच झाली.

आणि यातलं कुणी थांब्याबाहेर दिसलं, समजा ते काका शाहूपुरीत भाजी घेताना दिसले, तर तिथं नक्की बोल. नेहमीच्या जागेपासून जितकं लांब भेटाल तितकं बोलणं सोपं होतं, हेही मिलग्रॅम यांनीच लिहिलंय. तुला चंदगडच्या स्टँडवर ते काका दिसले असते तर तू धावतच गेला असतास की नाही?

आगाऊपणाचं म्हणशील, तर माणसाला बोलल्याचा राग येत नाही, खोदून विचारल्याचा येतो. कुठं राहता, घर स्वतःचं का, पोरं काय करतात, हे त्यानं सांगितलं तर ऐकायचं.

तुझ्या रविवारबद्दल मात्र मला काळजी वाटली. सुट्टीच्या दिवशी एकच जागा आणि एकच वेळ पकड. दर रविवारी नव्या टपरीवर चहा प्यालास तर तू कुणाच्याच ओळखीचा होणार नाहीस. संध्याकाळी गंगावेशीत जा. तिथं म्हशी आणून समोर धार काढून ग्लास हातात देतात, आणि ग्लास संपेस्तोवर माणूस उभाच असतो. फेसाचं दूध घोटाघोटानं प्यावं लागतं, तेवढ्यात शेजारचा काहीतरी बोलतोच. पेठेतली जुनी माणसं, तालमीतली पोरं, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे एका रांगेत. किंवा रंकाळ्याच्या पदपथावर सकाळी ठरल्या वेळेला चाल. किंवा फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर जाऊन बस. तिथं शेजाऱ्याशी न बोलता सामना बघून दाखवलास तर मला कळव!

मी राजारामपुरीत अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. समोरच्या टेबलावर एक मुलगी रोज असते, आम्ही एकमेकींच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा ओळखतो, पण बोललेलो नाही. तिच्याशी बोलेन एक वेळ. पण तुम्ही सरसकट सगळ्यांशी ओळख करा म्हणता तेव्हा मुलींचं काय? मी झेरॉक्सच्या दुकानात एका मुलाला फक्त 'फॉर्मची तारीख कधी आहे' विचारलं. तो पुढं तीन दिवस रूमपर्यंत मागं आला. तेव्हापासून मी मान खाली घालूनच चालते.
— एक वाचक, राजारामपुरी

अगं, तू फॉर्मची तारीख विचारलीस यात तुझं काहीही चुकलेलं नाही. मागं येणारा चुकला. पाठलाग हा कायद्यानं गुन्हा आहे. पुन्हा घडलं तर त्याच क्षणी शेजारच्या दुकानात शिर, मोठ्यानं सांग, ११२ ला फोन कर, आणि घरमालकिणीला त्याच दिवशी सांगून ठेव. घरी कळलं तर शिक्षण बंद करतील या भीतीनं मुली गप्प बसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, घराशिवायही तुझ्या बाजूचं कुणीतरी त्या रस्त्यावर असायला पाहिजे.

माझं म्हणणं नीट ऐक. मुलीनं सगळ्यांशी बोलावं असं मी कधीच म्हणणार नाही. कुणाशी बोलायचं ते तू निवडायचंस. आणि माझा आग्रह असा, की आधी अशी माणसं निवड जी एका जागी असतात आणि ज्यांना सगळा रस्ता ओळखतो. झेरॉक्सवाले काका. मेसच्या मावशी. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारं जोडपं. संध्याकाळी ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजी. ही माणसं उद्याही तिथंच असणार, त्यांना गल्लीत तोंड दाखवायचं असतं. येता-जाता 'काय आज्जी, झाला का चहा?' एवढं रोज म्हणत गेलीस, की महिन्याभरात त्या आजींना तुझी यायची वेळ माहीत होते. मग तुझ्या मागं कुणी आलं तर ते पहिल्यांदा त्यांना दिसतं. आमच्या वसतिगृहाच्या दारासमोर एक चांभारमामा बसायचे. मुली चप्पल शिवून घ्यायच्या, जाता-येता 'मामा, येते हं' म्हणायच्या. फाटकापाशी कुणी उगाच घुटमळायला लागलं की मामा हातातली आरी बाजूला ठेवून उठून उभे राहायचे आणि विचारायचे, 'कुणाकडं आलाय पावनं?' त्या एका प्रश्नानं काम व्हायचं. वॉचमनच्या आधी मामांना कळायचं. हे त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पगार नव्हता. रोजच्या दोन शब्दांतून ते आपसूक झालं होतं.

काही गोष्टी मात्र पाळायच्याच. रूम कुठली, एकटी असते का, गावी कधी जाणार, हे कुणालाही सांगायचं नाही, माणूस कितीही भला वाटला तरी. मोबाइल नंबर मागितला तर 'घरी विचारावं लागेल' म्हणायला लाजायचं नाही. पोटात गोळा आला की निघायचं. वाईट दिसेल म्हणून थांबायचं नाही.

आणि त्या समोरच्या मुलीशी उद्याच बोल. 'चहाला येतेस?' एवढं पुरे. त्यात तुझा अभ्यासाचाही फायदा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा एक गाजलेला लेख आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली त्यांना त्यांनी विचारलं, की ज्या माणसाकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा होता असं सांगणारे सहात एक निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. कारण सरळ आहे. जिवलग मैत्रिणीला तेच माहीत असतं जे तुला माहीत असतं. समोरच्या टेबलावरची दुसऱ्या तालुक्यातून आलीय, तिच्याकडं दुसऱ्याच बातम्या असतात.

मी कमी बोलणारा आहे. कानात इअरफोन घालून फिरायला बरं वाटतं. प्रत्येकानं गप्पा मारल्याच पाहिजेत का?
— एक वाचक, फुलेवाडी

मुळीच नाही. पण एक गोष्ट करून बघ, कारण याबाबतीत आपला अंदाज चुकतो असं दिसलंय. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल गाडीत प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं एकटे बसा. ज्यांना नुसती कल्पना करायला सांगितली ते म्हणाले, बोलावं लागलं तर प्रवास तितका चांगला जाणार नाही. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. त्याच वर्षी जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी विद्यार्थ्यांना मोजणीची क्लिकरं दिली, दिवसभरात तोंडओळखीच्या किती जणांशी बोलणं झालं ते मोजायला. ज्या दिवशी आकडा नेहमीपेक्षा जास्त, त्या दिवशी मनही जास्त प्रसन्न.

तुला गप्पा मारायच्या नाहीत ना, नको मारूस. फुलेवाडीच्या नाक्यावर ज्याच्याकडं चहा पितोस त्याला पैसे देताना एका कानातला इअरफोन काढ आणि 'चांगला झालाय' म्हण. मग परत घाल.

मेसमध्ये वाढणाऱ्या मावशी, जिन्याची झाडलोट करणारे दादा, कचऱ्याच्या गाडीबरोबर येणाऱ्या ताई. दोन वर्षं यांना रोज बघतेय. एकाचंही नाव मला माहीत नाही, आणि आता विचारायची लाज वाटते. शिवाय मैत्रिणी म्हणतात, 'त्यांच्याशी काय बोलायचं असतं?' मला ते खटकतं, पण उत्तर सुचत नाही.
— एक वाचक, शिवाजी पेठ

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला जे खटकलं ते खटकायलाच पाहिजे.

आधी नाव विचारायचं सांगते. लाज झाकायची नाही, तीच बोलून दाखवायची. 'मावशी, दोन वर्षं तुमच्या हातचं खातेय, नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. काय नाव तुमचं?' हे वाढपाच्या घाईत विचारू नकोस. दुपारी जेवणं आटोपली, मावशी जरा भिंतीला टेकल्या, की विचार. पहिल्यांदा त्या म्हणतील, 'अगं नाव काय करायचंय, मावशीच म्हण की.' हसतील. मग सांगतील. नाव कळल्यावर मावशी म्हणायचं सोडायचं नाही. 'अमुक मावशी' म्हणायचं. हाक मारताना नाव लागलं की त्यांच्या मानेत जो फरक पडतो तो तुला दिसेल, मी सांगायला नको.

विचारायचं ते पहिलं नाव. आडनाव विचारू नकोस. आपल्या भागात 'आडनाव काय?' आणि 'गाव कुठलं, कुठल्या गल्लीत?' हे प्रश्न कशासाठी विचारले जातात ते सगळ्यांना कळतं. ज्यांना ते आयुष्यभर ऐकावे लागलेत त्यांना तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच कळतं. पोरांनो, मी हे विनवून सांगते : ओळख करून घ्यायची म्हणून निघालात आणि पहिल्या पाच मिनिटांत आडनावावर आलात, तर न बोललेलं बरं. आपण ज्यांच्याशी बोलत नाही ती यादी आपसूक झालेली नसते. थांब्यावरच्या हेल्मेटवाल्याशी बोलायचा संकोच वेगळा आणि झाडलोट करणाऱ्या दादांशी न बोलणं वेगळं. दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मैत्रिणींना वाईट म्हणू नकोस, पण ही सवय त्यांच्या लक्षात आणून दे.

उत्तर सुचत नाही म्हणतेस. उत्तर आपल्याच गावात आहे. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवल्याबद्दल बेदम मारलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेऊ लागले, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावू लागले. भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. छत्रपतींना गंगारामांशी काय बोलायचं असतं, असं तेव्हाही कुणीतरी मनात म्हणालंच असेल! याच महाराजांनी १९०१ सालापासून या गावात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, म्हणून खेड्यापाड्यातली मुलं इथं येऊन शिकली. तू आणि मी त्याच वाटेवरून चालतोय.

करायचं काय, तर थोडंच. मेसमध्ये ताट उचलून देताना 'भाजी झकास झाली होती' म्हण. जिना पुसत असतील तर ओल्यावरून जाऊ नको, क्षणभर थांब आणि 'दादा, वाळू दे, थांबते' म्हण. कचऱ्याच्या गाडीवरच्या ताईंना उन्हाळ्यात पाणी विचार, आणि स्वतः पितेस त्याच तांब्या-भांड्यातून दे. वेगळी बाटली काढू नकोस. आणि त्यांना काम आहे हे विसरू नकोस. त्यांना घाई असेल तर तुझ्या चांगुलपणासाठी त्यांना उभं करून ठेवायचं नाही.

आमचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. अपार्टमेंटमध्ये चोवीस फ्लॅट आहेत. त्याला समोरच्या दारात कोण राहतं तेही माहीत नाही. मी म्हटलं तर म्हणतो, 'बाबा, गरज काय? सगळं मोबाइलवर येतं.' आता आम्हीच त्याला लहानपणी 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' शिकवलंय. काय सांगू?
— एक पालक, कदमवाडी

तुम्ही शिकवलंत ते सहा वर्षांच्या पोरासाठी बरोबर होतं. आता तो वीस वर्षांचा आहे, त्याला हेही सांगा की तो धडा लहानपणापुरता होता. हे आपण मुलांना सांगायचंच विसरतो आणि ती पंचविशीतही पाचवीतल्यासारखी वागतात.

'गरज काय'चं उत्तर द्यायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ त्याला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली, ट्रकच्या रांगा, पंपावर पेट्रोल नाही, आणि उपसा केंद्रं बुडाल्यानं चहूकडं पाणी असून नळाला थेंब नाही. त्या दिवसांत मोबाइलवर काय येत होतं? अफवा येत होत्या. आमच्या गल्लीत टँकर आला तेव्हा रांगेत जी माणसं भेटली, त्यातली अर्धी मी रोज बघत होते आणि एकाही शब्दानं ओळखत नव्हते. त्या रांगेत पहिल्यांदा कळलं की तळमजल्यावरच्या खोलीत डायलिसिसचा एक पेशंट आहे, मागच्या इमारतीत एक बाळंतीण आहे, आणि कोपऱ्यावर राहणाऱ्या मुलाकडं ट्रॅक्टर आहे. बाळंतिणीला आधी पाणी गेलं. पेशंटला ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. पण दोन दिवस तर 'कुणाकडं काय आहे' हे शोधण्यातच गेले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढलं तेव्हा आमच्याकडं ती यादी तोंडपाठ होती, आणि सगळी हलवाहलव एका सकाळीच झाली.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेच्या वर माणसं गेली. त्यात बरीच एकटी राहणारी म्हातारी माणसं होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. गरिबी दोन्हीकडं, एकटे म्हातारे दोन्हीकडं, पण मृत्यूंचं प्रमाण एकीकडं खूप जास्त. जिथं मृत्यू कमी झाले तिथं रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं रोज बाहेर पडत होती, त्यामुळं लाटेतही ती घराबाहेर, माणसांत आली.

मुलाला एवढंच सांगा, की या आठवड्यात समोरचं दार वाजव. निमित्त पाहिजे असेल तर घरचं काहीतरी वाटीत घालून द्या त्याच्याबरोबर. वाटी रिकामी परत येत नाही, आपल्याकडं ती रीत अजून आहे, म्हणजे दुसरी भेट आपोआप ठरली.

मी रोज सकाळी रंकाळ्यावर पळायला जाते. राजघाटाच्या बाजूला बाकावर एक आजोबा बसलेले असतात, पांढरी टोपी, काठी. मी जवळून गेले की काठी जराशी वर करतात, मी हात करते. एवढंच. आता आठवडा झाला, ते दिसत नाहीत. नाव-पत्ता काही माहीत नाही. मी विचारावं का? कुणाला विचारू? आणि मी त्यांची कोण म्हणून विचारू?
— एक वाचक, रंकाळा परिसर

पत्राखाली तू नंबर दिला होतास म्हणून अंक निघायची वाट न बघता मी तुला त्याच दिवशी फोन केला. बाकीच्या वाचकांसाठी इथं लिहिते, कारण हा प्रसंग कुणावरही येईल.

विचारावं. लगेच विचारावं. 'कोण म्हणून' याचं उत्तर 'रोज सकाळी भेटतो आम्ही' एवढं पुरतं, त्यावर कुणी पुढं विचारत नाही. विचारायचं कुणाला, तर आधी त्या जागेवर जो रोज असतो त्याला : चहावाला, पेपरवाला, बाग झाडणारी बाई. मग त्याच वेळेला चालायला येणाऱ्या त्यांच्या वयाच्या माणसांना. माणसाचं वर्णन सांगताना टोपी-काठीबरोबर यायची वेळ आणि बाक सांगायचा, त्यानं पटकन लक्षात येतं.

तू दुसऱ्या दिवशी विचारलंस आणि चहावाल्याला माहीत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लेकीकडं सांगलीला आहेत, दिवाळीआधी येतील. तू मला कळवलंस तेव्हा तुझा आवाज ऐकून बरं वाटलं.

आता ते आले की पळता पळता हात करून पुढं जाऊ नकोस. थांब, नाव सांग, नाव विचार. बाकावर पाच मिनिटं बस. त्यांची हरकत नसेल तर लेकीचा नंबर घेऊन ठेव, आणि तुझा त्यांच्या खिशातल्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहून दे, ऑपरेशननंतर बारीक अक्षर दिसायला वेळ लागतो.